चौदावी ओळ

शेखर सरांनी तृप्तीवर पहिलं सुनीत लिहिलं, तेव्हा ते आपल्यावर आहे हे तिला शेवटच्या ओळीपर्यंत कळलं नाही. सभागृहातल्या बाकीच्यांना बहुधा आधीच कळलं होतं.

रविवारची सकाळ होती. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, एका लहानशा सभागृहात काव्यवाचनाचा कार्यक्रम होता आणि तृप्ती दुसऱ्या रांगेत सरांची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. पीएचडी करणाऱ्यांना गाइडच्या कार्यक्रमाला जावंच लागतं. त्याला आमंत्रण म्हणायची पद्धत आहे, एवढंच. सरांचा आवाज खडा, उच्चार स्वच्छ, आणि पन्नाशीतही केस असे की मागच्या रांगेतल्या बायका आधी केसांकडे बघायच्या आणि मग कवितेकडे. सुनीत म्हणजे चौदा ओळींचा मामला. बारा ओळींत गुंता वाढवायचा आणि शेवटच्या दोन ओळींत गाठ मारायची. सरांनी मारलेली गाठ अशी होती:

गोदाकाठी जन्म संपला, तहान उरली साथी
ओंजळीत या पाणी आहे, तृप्ती नाही हाती

'तृप्ती' म्हणताना सरांनी मान वर केली आणि दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर आणखी बऱ्याच माना वळल्या. तृप्तीच्या हातातली बाटली घामानं निसटायला लागली. टाळ्या संपल्यावर सर खाली आले, बाटली मागितली आणि घटाघटा पाणी प्यायले. ते बघून कुणीतरी मागे खुदकन हसलं.

आता हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं आहे. सुरगाण्याच्या पलीकडे डोंगरात तृप्तीचं गाव. बाप देवराम, आई पुतळाबाई. दोघं पावसाळ्यात आपल्या उतारावर भात आणि नागली करायची आणि हंगामात निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जायची. पोरींमागून पोरी झाल्या तेव्हा देवराम शाळेतल्या गुरुजींकडे गेला आणि म्हणाला, या पोरीला असं नाव द्या की देवाला कळंल, आता पोरी बास. गुरुजींनी 'तृप्ती' दिलं. म्हणजे पोट भरलं, आता पुरे. देवाला बहुतेक ते ऐकू गेलं नाही, कारण तिच्या पाठीवरही मुलगीच आली. तृप्तीनं हे नाव शहरात आणलं तेव्हा लोक म्हणायचे, वा, किती गोड नाव. तिनं कुणाला खरा अर्थ सांगितला नाही. सांगून काय करायचं होतं?

आणि ही मुलगी अभ्यास कशाचा करत होती, तर युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या सुनीतांमधलं एकतर्फी प्रेम आणि सत्ता. नशिबाला चेष्टा करायची हुक्की येते ती अशी. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे ते दरबारी कवी. बाई बघायची, तिच्यावर जीव टाकायचा, आणि मग चौदा-चौदा ओळींत रडत बसायचं की मी तुझा दास, तू माझी मालकीण, तू मारशील तर मरेन. तृप्तीनं तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य लिहिलं होतं: ज्याच्या हातात लेखणी आहे तो दास नसतो, त्या मालकिणींपैकी एकीचंही म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. सरांनी त्या वाक्याखाली रेघ ओढून शेजारी 'उत्तम' असं लिहिलं होतं. त्यांना ते मनापासून आवडलं होतं. स्वतःच्या पायाखाली काय आहे ते मात्र त्यांना दिसलं नाही.

सर वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट असते तर बरं झालं असतं. डोंगरातून आलेल्या, इंग्रजी बोलताना घशाला कोरड पडणाऱ्या या पोरीला त्यांनीच कविता वाचायला शिकवलं. वर्गात तिची चूक झाली की हसणाऱ्यांना त्यांनीच गप्प केलं. तिला तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं ते त्यांच्याच शब्दावर. तिच्याशी बोलताना ते केबिनचं दार उघडं ठेवायचे, बोटसुद्धा कधी लावलं नाही, वेडावाकडा मेसेज कधी पाठवला नाही. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. निफाडला भावांची मोठी द्राक्षबाग होती, हे इथं राहून कविता करायचे. त्यांचं प्रेम खरं होतं, असं मानायलाही हरकत नाही. खरं असलं म्हणून काय ते दुसऱ्याच्या डोक्यावर आणून ठेवायचं?

पहिल्या सुनीतानंतर तृप्ती विभागप्रमुख मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं, चहा मागवला.

"सरांनी काही म्हटलं तुला?"

"नाही."

"काही केलं?"

"नाही, मॅडम. कविता केली."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "अगं, तृप्ती हा शब्दकोशातला शब्द आहे. मी तक्रार कशाची घेऊ? उद्या आशा नावाची मुलगी आली तर कवींनी आशा सोडून द्यायची का?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सही व्हायची आहे ना अजून तुझ्या प्रबंधावर? मग कशाला उगाच."

सही! तृप्तीचा सगळा जीव त्या एका सहीला टांगला होता. प्रबंध पुरा झाला होता. पहिल्या पानामागे गाइडचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर त्यांची सही लागते, आणि सही नसली तर विद्यापीठाची खिडकी प्रबंधाकडे बघतही नाही. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. आता महिनाअखेरीला नोंदणी संपत होती, आणि एकदा संपली की इतक्या वर्षांचं काम पाण्यात. गावाजवळच्या कॉलेजात तिच्यासाठी जागा अडवून ठेवली होती, तीही पीएचडीवरच. आई दर फोनला एकच विचारायची, "सही झाली का नाय गं?" आईला पीएचडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. सही मात्र तिला नीट कळत होती. तिच्या आयुष्यातलं प्रत्येक काम कुणाच्या तरी सहीसाठी अडलेलं होतं.

तृप्ती धीर करून सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं.

"सर, माझं नाव कवितेत नको. आणि तुमच्या मनात जे आहे ते माझ्या मनात नाही. कधीच नव्हतं."

सरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले. "किती स्पष्ट बोललीस," ते म्हणाले. "इतकं सरळ मला आजवर कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. धन्यवाद."

ती बाहेर पडली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. पंचवटीतल्या खोलीवर तिच्याबरोबर राहणारी निकिता तिला घ्यायला गाडीवर आली होती. निकिता सटाण्याची, एका बँकेत कामाला, पोटात काही न ठेवणारी मुलगी. रविवार कारंज्याच्या चौकातल्या गर्दीतून वाट काढता काढता तिनं मान मागे वळवून विचारलं, "काय व्हयनं व माय? काय म्हणालीस त्यांना?"

"मी नाही म्हणाले."

"अगं, मग म्हण ना! किती दिवस मूग गिळून बसणार?"

"म्हणाले ना! 'नाही' असं म्हणाले."

"असं होय! मला वाटलं, काहीच म्हणाली नाहीस." निकिता हसली. तृप्तीही हसली. आपली भाषाही अशा वेळी बाईच्या फारशी मदतीला येत नाही. एकाच वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि ऐकणारा आपल्या सोयीचा उचलतो.

पुढच्या कार्यक्रमात सरांनी नवं सुनीत वाचलं. ते 'नाही' या शब्दावर होतं. त्या शब्दाची धार, त्या शब्दाचं तेज, उंबऱ्यावरून परत फिरलेला याचक. लोक हळहळले. एका आजोबांनी तर तृप्तीकडे असं पाहिलं, जणू तिनं सरांच्या ताटातलं अन्न काढून घेतलं होतं.

मग तिनं बोलणं बंद केलं. कामापुरतं 'हो सर', 'ठीक आहे सर', आणि खाली मान. तर मौनावर सुनीत झालं. कार्यक्रमाला जायचं टाळलं, तर रिकाम्या खुर्चीवर झालं. एकदा चिडून तिनं सरांच्या टेबलावर फाइल आपटली, तर तिच्या रागावर झालं, आणि ते सगळ्यांत सुरेख होतं. तेव्हा तृप्तीला तिच्याच तिसऱ्या प्रकरणातलं सगळं नव्यानं कळलं. नकार दिला तर निर्दय प्रेयसी, गप्प बसली तर गूढ प्रेयसी, गोड बोलली तर मग काय विचारायलाच नको. बाईनं काहीही केलं तरी त्या चौदा ओळींत तिच्यासाठी जागा तयारच असते. बाहेर पडायला दार म्हणून कुठे ठेवलेलंच नाही.

कॉलेजातली मुलं आता ती वर्गात आली की फळ्याकडे तोंड करून 'ओंजळीत या पाणी आहे' गुणगुणायची. तृप्तीला स्वतःच्या नावाची भीती वाटायला लागली. कुणी मागून हाक मारली की ती न वळता पुढे चालायची. हजेरीत, बँकेत, दवाखान्यात, जिथे जिथे नाव सांगायचं तिथे तिथे जीभ अडायची.

तिनं गाइड बदलायची धडपड करून पाहिली. दुसऱ्या सरांच्या नाकदुऱ्या काढल्या. ते म्हणाले, शेखर सरांचं ना-हरकत पत्र आण, मग बघू. म्हणजे तिथंही त्यांचीच सही.

महिना संपत आला तेव्हा सरांनी तिला बोलावलं. प्रबंध समोर होता. त्यांनी तो प्रेमानं, खरोखर प्रेमानं, थोपटला.

"काम अव्वल आहे. फक्त शेवटचं प्रकरण अपुरं वाटतं. तूच म्हणतेस की प्रेयसीचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. मग तू ते पोहोचव. तिच्या बाजूनं एक मराठी सुनीत लिही, परिशिष्टात टाकू. सुनीत नको तर दोन ओळी लिही. एक ओळ लिही."

"सर, प्रबंधाला त्याची गरज नाही."

"मला आहे," ते हळूच म्हणाले. मग घाईनं, "मी अडवत नाहीये तुला. अडवते आहेस ती तू. एका ओळीचा तर प्रश्न आहे. सगळं तुझ्याच हातात आहे, तृप्ती. माझ्या हातात काय आहे?"

त्यांच्या हातात पेन होतं.

त्या आठवड्यात तृप्तीनं काय काय केलं ते विचारू नका. एक ओळ लिहायची, बस. तिनं लिहून पाहिली. शिवी लिहिली, खोडली. सरांना ती शिवीही आवडली असती. विनवणी लिहिली, ती वाचून तिचीच तिला लाज वाटली. निकिता म्हणाली, "दे ना खरडून काहीतरी 'चंद्र-तारे', सही घे अन् तोंड काळं कर त्यांच्या दारातून." तृप्ती म्हणाली, लिहून दिलं की ते माझं होतं. मग कुणालाही सांगता येणार नाही की नव्हतं. निकितानं हात टेकले. तृप्ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. पोहे करताना रडली. तिला वाटलं, सगळं सोडून आईबरोबर बागेत द्राक्षं काढायला जावं. मग आठवलं, बागाही निफाडच्याच.

नोंदणी संपायच्या आदल्या रविवारी सरांचा कार्यक्रम होता. एकट्यांचा, सगळी सुनीतं एकापाठोपाठ. सरांनी निरोप पाठवला होता: प्रमाणपत्र घेऊन ये. ती गेली. दुसऱ्या रांगेत बसली, मांडीवर या वेळी बाटली नव्हती, प्रबंध होता. सभागृह भरलं होतं, उभं राहायलाही जागा नव्हती, आणि पुढे एक जण मोबाइलवर चित्रण करत होता.

शेवटचं सुनीत सरांनी पाठ म्हटलं. बारा ओळी झाल्या. तेरावी त्यांनी सावकाश म्हटली:

सर्व वाहिले तुझिया चरणी, देणे तरीही उरे...

आणि थांबले. पंख्यांचा आवाज येत होता.

"चौदावी ओळ माझ्याकडे नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो खरा कापत होता. "चौदावी ओळ जिच्याकडे आहे ती इथं बसली आहे. तिनं ती दिली तर माझं सुनीत पुरं होईल. नाही दिली, तर ते असंच अपुरं घेऊन मी मरेन."

सगळ्या माना वळल्या. मोबाइलही वळला. शेजारच्या बाईंनी तृप्तीचा दंड दाबला आणि डोळे पुसत कुजबुजल्या, "बोल गं, काहीतरी बोल. माणूस जीव टाकतोय."

तृप्ती उठली. तिला काही सुचत नव्हतं. कविता नाही, इंग्रजी नाही, तिसरं प्रकरण नाही. तिला फक्त गुरुजींच्या दारात उभा असलेला बाप दिसला, आणि आपलं नाव आठवलं, त्याचा डोंगरातला, खरा अर्थ. त्या अर्थावर तिचा जन्मापासून हक्क होता. सगळं अंग गोळा करून ओरडायचं होतं, पण जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"पुरे."

मोबाइल चालूच होता.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "वा!" दुसरं म्हणालं, "उरे... पुरे! क्या बात है!" आणि सभागृह कोसळलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या बाई हुंदके देत होत्या. यमक जुळलं होतं. तृप्ती उभीच होती, तिनं दोन्ही हात हलवले, नाही, नाही, तसं नाही, पण टाळ्यांत काय ऐकू जाणार? व्यासपीठावर सरांनी हात जोडले, डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. सुनीत पुरं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सरांनी एका झटक्यात सही केली. तारीख घातली, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली. इतकं सोपं होतं ते.

"सर, मी ते उत्तर म्हणून नव्हतं दिलं," तृप्ती म्हणाली. "मला थांबा म्हणायचं होतं."

सर हसले. त्या हसण्यात किती समाधान होतं म्हणून सांगू. "माहीत आहे. म्हणून तर इतकं सच्चं आलं." त्यांनी प्रबंध दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "आता मी तुझ्याकडे कधी काही मागणार नाही. काल तू दिलंस ते मला आयुष्यभर पुरेल."

पुरेल! तिच्याकडे एकच शब्द होता, तोही त्यांनी आपल्या पद्धतीनं चालवून घेतला. तृप्तीला वाटलं, प्रबंध इथंच फाडावा, तुकडे टेबलावर टाकावेत. पण त्यावरही सुनीत झालं असतं. आणि डोंगरात आई फोनजवळ बसली होती. तिनं प्रबंध घेतला. "थँक यू, सर," ती म्हणाली. इतक्या वर्षांची सवय होती, तोंडातून निघून गेलं.

विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात प्रबंध घेणाऱ्या खिडकीशी रांग होती. खिडकीमागे लताबाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर, कपाळावर ठसठशीत कुंकू, कामाला चोख. तृप्तीची पाळी आली.

"नाव?"

जीभ अडली. लताबाईंनी वर पाहिलं, मग पुढे वाकून पहिल्या पानावरून स्वतःच वाचलं. "तृप्ती देवराम भोये." प्रमाणपत्र उलटलं, सही बघितली, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अगं बाई! शेखर सरांच्या ना तुम्ही? त्या कवितेतल्या? आमच्या ग्रुपवर आलंय ते. माझ्या सुनेनं तर स्टेटसला ठेवलंय. किती गोड म्हणालात हो तुम्ही ते शेवटी!"

रांगेतली पोरं पुढे सरकली, बघायला. एकीनं मोबाइल काढला. तृप्तीनं खिडकीचा गज धरला. एवढं एकदा तरी कुणाला तरी सांगायला हवं होतं, भले खिडकीतल्या अनोळखी बाईला का होईना.

"मी नाही म्हणाले," ती म्हणाली.

लताबाईंचा चेहरा पडला. "तुम्ही नाही का?"

"मी नाही म्हणाले होते. सगळ्यांसमोर. मी नाही म्हणाले."

"बरं बरं, कळलं. तुम्ही नाही म्हणालात, दुसरी कुणी असेल. एका नावाच्या काय कमी मुली असतात?" लताबाईंनी प्रबंधावर शिक्का मारला, पोच खिडकीतून सरकवली आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"चला, पुढचं कोण?"